मशीनला जात कळत नाही, असं कोण म्हणतं?

"कॉम्प्युटर जात बघत नाही, आकडे बघतो. त्यामुळे कर्ज देताना आता भेदभाव उरलेला नाही." हा युक्तिवाद आता आपल्यातलेही शिकलेले लोक करू लागले आहेत. तो तपासून घेतला पाहिजे.

बँका, फायनान्स कंपन्या आणि कर्ज देणारी अ‍ॅप्स यांच्यासमोर आकडे आपोआप येत नाहीत. शाखा, मोबाइल, क्रेडिट ब्युरो अशा अनेक ठिकाणांहून आलेली माहिती गोळा करणं, साफ करणं, जोडणं आणि तक्त्यांत बसवणं हे डेटा इंजिनिअरचं काम. कर्ज कोणाला मिळेल हे सांगणारं मॉडेल त्यानंतर येतं. त्या मॉडेलला काय दिसेल आणि काय दिसणारच नाही, हे बरंचसं आधीच ठरलेलं असतं.

जात इथेच शिरते. अर्जात जातीचा रकाना नसेल, पण आडनाव असतं, पत्ता असतो, पिन कोड असतो. आपली गावं जातीनुसार वसलेली आहेत. पत्त्यात 'भीमनगर' किंवा 'बौद्धवाडा' आलं की जातीचा दाखला वेगळा लागत नाही. वस्तीतल्या घराला नंबर नसेल तर 'अपूर्ण पत्ता' म्हणून नोंद बाजूला पडू शकते. रोखीने मजुरी घेणाऱ्या बाईचा उत्पन्नाचा रकाना कोरा राहतो. त्या कोऱ्या रकान्याचं काय करायचं, हा निर्णय माणूसच घेतो. ज्यांना बँकेने पिढ्यान्‌पिढ्या दारात उभं केलं नाही, त्यांच्याकडे कर्जफेडीचा इतिहास येणार कुठून? जुन्या आकड्यांवर शिकलेलं मॉडेल जुनाच अन्याय पुढे चालवतं आणि त्याला 'जोखीम' असं सभ्य नाव देतं. अमेरिकेत 1930च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेच्या नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या अशाच 'धोक्याच्या' म्हणून लाल रंगवल्या होत्या. तेव्हा कॉम्प्युटरही नव्हता.

कर्ज देताना लिंग, जात, धर्म यांवरून भेदभाव करू नये, असं रिझर्व्ह बँकेने 2003 सालीच बँकांना सांगितलं. पण पिन कोडच्या आड बसलेली जात पकडणार कोण? खाजगी कंपन्यांत आरक्षण नाही. तक्ते बांधणाऱ्या टीममध्ये वस्ती पाहिलेला एकही माणूस नसेल, तर हा प्रश्न कोणाला सुचणारही नाही.

म्हणून एमपीएससी-यूपीएससीच्या पलीकडेही आपली मुलं-मुली गेली पाहिजेत. एसक्यूएल, पायथन शिका, बँकिंग समजून घ्या. बाबासाहेबांनी 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, पुढे हिल्टन यंग कमिशनसमोर साक्ष दिली. पैशाचा व्यवहार हा आपला विषय नाही, असं त्यांनी कधी मानलं नाही.

अर्थात, एकटा इंजिनिअर कंपनीचं धोरण बदलू शकत नाही. नोकरी सांभाळून तो एवढं तरी विचारू शकतो: हा पिन कोड कशासाठी वापरतोय? कोणत्या भागातले अर्ज जास्त नाकारले जातात? बाहेरचं काम कार्यकर्त्यांचं आहे. वस्तीत कोणाचं कर्ज नाकारलं गेलं तर कारण लेखी मागा. त्या नकारांची वस्तीनिहाय नोंद ठेवा. पॅकेज घेणारे आणि मोर्चा काढणारे एकमेकांशी बोलू लागले, तरच आतलं ज्ञान आणि बाहेरचा पुरावा एकत्र येईल.

जय भीम!