इंटर्नशिपचं दार: आपली मुलं ठोठावतात का?

पंतप्रधान इंटर्नशिप योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये मोठ्या गाजावाजात सुरू झाली. पाच वर्षांत एक कोटी तरुणांना ५०० बड्या कंपन्यांत वर्षभराचा अनुभव आणि दरमहा ५,००० रुपये, अशी घोषणा होती. पहिल्या फेरीत सुमारे १ लाख २७ हजार जागा होत्या. ८२ हजारांवर ऑफर निघाल्या, २८ हजारांच्या आसपास स्वीकारल्या गेल्या आणि रुजू झाले जेमतेम ८,७००. लांबचं ठिकाण, लांबलचक कालावधी आणि नावडतं काम, अशी कारणं पुढे आली.

त्यातही पूर्णवेळ शिकणाऱ्या मुलांना या प्रायोगिक टप्प्यात जागाच नव्हती. दुसरीकडे नव्या शैक्षणिक धोरणामुळे कॉलेजांच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिपला क्रेडिट आले आहेत. म्हणजे इंटर्नशिप तर हवीच, पण ती शोधायची मुलांनीच.

नवी मुंबईतल्या मुलांसाठी ही संधी दूर नाही. ऐरोली, घणसोली, महापे हा सगळा पट्टा लोकलच्या अंतरावर आहे. तिथे मोठ्या आयटी कंपन्यांच्या सावलीत छोटे स्टार्टअपही काम करतात. मात्र दहा-पंधरा माणसांची कंपनी पेपरात जाहिरात देत नाही. ओळखीतून, लिंक्डइनवरून किंवा इंटर्नशालासारख्या साइटवरून मुलं घेते. ज्याच्या घरात आधीच कोणी आयटीत आहे, त्याला हे ठाऊक असतं. ज्याचे अब्बू रिक्षा चालवतात किंवा आखाती देशात आहेत, त्याला सांगणार कोण?

इथे एक कडू गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. २०२२ मध्ये लेड बाय फाउंडेशनने एकसारख्या पात्रतेचे सुमारे हजार-हजार अर्ज दोन काल्पनिक मुलींच्या नावाने पाठवले. प्रियंका शर्माला २०८ ठिकाणांहून होकारार्थी उत्तर आलं, हबीबा अलीला १०३ ठिकाणांहून. भेदभाव आहे, आणि त्याविरुद्ध आवाज उठवायलाच हवा. पण याच आकड्यांत दुसरी बाबही आहे. १०३ दारं हबीबासाठीही उघडली. पाच अर्ज करून 'आपल्याला कोण घेणार' म्हणत घरी बसणाऱ्याला त्यातलं एकही दिसणार नाही. आपल्या मुलांना जास्त अर्ज करावे लागतील. हा अन्याय आहे, तरी अर्ज थांबवणं हा त्यावरचा इलाज नव्हे.

अर्ज कसा करायचा? बायोडेटा एका पानाचा पुरे. त्यासोबत केलेलं काम दाखवा: एखादं छोटं अ‍ॅप, मोहल्ल्यातल्या दुकानासाठी बनवलेली वेबसाइट, डिझाइन, मराठी-उर्दू भाषांतर. मेल पाच-सहा ओळींचा असावा: मी कोण, तुमच्या कंपनीचं कोणतं काम पाहिलं, मी काय करू शकतो, कधीपासून येऊ शकतो. आठवड्यात उत्तर नाही आलं तर एकदा अदबीने आठवण करा. एकच मजकूर पन्नास ठिकाणी चिकटवू नका, वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

सावधगिरीही हवी. नोंदणी फी किंवा सर्टिफिकेटचे पैसे मागणाऱ्यापासून लांब राहा. कंपनीचं नाव कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर तपासा. काम, तास, कालावधी आणि मानधन लेखी घ्या.

मुलींच्या पालकांची काळजी आम्ही समजू शकतो. ऑफिस कुठे आहे, परतायला किती वाजतात, हे जरूर विचारा. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ रोखणाऱ्या २०१३ च्या कायद्याचं संरक्षण प्रशिक्षणार्थी मुलीलाही आहे. दहा किंवा अधिक माणसांच्या ऑफिसात अंतर्गत समिती बंधनकारक आहे, त्याहून लहान ठिकाणासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. ही चौकशी करूनही मन मानत नसेल, तर घरून करता येणारी इंटर्नशिप शोधा. पण सरळ नकार देऊ नका.

उमेदवारी आपल्याला नवी नाही. गॅरेजमध्ये, जरीच्या कारखान्यात आपली पोरं उस्तादाच्या हाताखालीच शिकली. फरक इतकाच, की तिथे हात धरून नेणारा चाचा किंवा मामू होता. ऐरोली-महापेत नोकरी करणाऱ्या आपल्या प्रत्येक भावा-बहिणीने वर्षाला एका मुलाचा बायोडेटा तपासून पुढे दिला, तर ती उणीव भरून निघेल. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर दहा मिनिटं याच विषयावर बोलूया. सुरुवात तिथूनही होऊ शकते, इन्शाअल्लाह.