सैनिकांचे पाट

गेल्या रविवारी पुतण्या पवईला आमच्याकडे आला आणि आल्या आल्या त्याने कपाटावरचा डबा मागितला. त्या डब्यात दादाची मराठा फौज आहे. १५ मिमी मापाचे धातूचे सैनिक, भिंग लावून रंगवलेले. दादाला जाऊन चार वर्षं झाली, डबा तेव्हापासून वरच होता.

पुतण्याने स्वतः अब्दालीची फौज रंगवली आहे, नव्या नियमांप्रमाणे. त्या नियमांत एका तुकडीला ८० मिमी रुंदीचा एकच बेस लागतो. दादाचे बेस ४० मिमीचे. "काका, सगळे उपटून नव्याने चिकटवू या," तो सहज म्हणाला आणि माझ्या पोटात गोळा आला.

नातेवाईक मंडळींसाठी थोडं सांगतो, कारण तुमच्यापैकी निम्म्यांच्या मते हा मोठ्या माणसांचा भातुकलीचा खेळ आहे. बेस म्हणजे सैनिकांच्या पायाखालचा तुकडा. आमची आई त्याला पाट म्हणायची. "झाले का तुझे पेंढारी पाटावर बसवून? मग तू पण बस, भात निवतोय."

दादाचे पाट डीबीए या नियमांचे. फिल बार्कर वगैरे मंडळींनी १९९० साली काढलेले, एका बाजूला फक्त १२ पाट, त्यामुळे जेवणाच्या टेबलावर लढाई मावते. नियम खरे १५०० सालापर्यंतच्या लढायांचे, दादाने ते ओढूनताणून १७६१ च्या पानिपताला लावले. त्यात एक गंमत आहे. सगळ्या पाटांची रुंदी सारखीच, पण त्यावर माणसं किती यावरून फौजेचा स्वभाव कळतो. इब्राहिमखान गारद्याचे कवायती शिपाई खांद्याला खांदा लावून चार. हुजुरातीचे स्वार तीन. पेंढारी दोनच, विरळ. म्हणजे पाट ही नुसती शोभा नाही. तेवढ्याच जागेत कोण किती दाटीने लढतो हे तो सांगतो. त्यामुळे समोरच्याचे पाट ८० चे आणि आपले ४० चे असले तर हिशेबच चुकतो. पुतण्याचं म्हणणं चूक नव्हतं.

तरी मी एक स्वारांचा पाट घेऊन बघितला. दादाने फेविकॉल वापरला असता तर तासभर पाण्यात ठेवून सैनिक अलगद सुटले असते. पण त्याचा भरवसा अ‍ॅराल्डाइटवर! कटरने जरा उचकटलं तर दोन घोड्यांचे पाय पाटावरच राहिले. कपाळाला हात लावून मी पाट उलटा केला, तर खाली सोनेरी अक्षरं: 'आमचे येथे श्रीकृपेकरू'. पुढचं कापलेलं. दादाने पाट लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्याचे केले होते, आणि ही पत्रिका माझ्या लग्नाची होती. वर पवई तळ्याकाठची माती. दिवाळीच्या किल्ल्यासाठी आणायचो तीच.

मी म्हटलं, राहू दे, ठेवून दे डबा वर.

पुतण्या थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काका, बाबांनी ही फौज कपाटासाठी केली होती का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग दोघं बसलो. ४० आणि ४० म्हणजे ८०, हे एवढं सोपं गणित आधी कसं सुचलं नाही कोण जाणे. सुताराकडून आणलेल्या सनमायकाच्या तुकड्यांतून ८० मिमी रुंदीचे सहा पाट कापले, वर लोखंडी पत्रा लावला आणि दादाच्या पाटांना खालून चुंबकाचा पातळ कागद डकवला. दोन जुने पाट शेजारी शेजारी ठेवले की नवी तुकडी तयार. खेळ संपला की दादाची फौज होती तशी.

हा प्रश्न आमच्या एकट्याचा नाही. २०२४ च्या जानेवारीत 'वॉरहॅमर: द ओल्ड वर्ल्ड' आला तेव्हा माणसांचे पाट २० मिमीवरून २५ वर गेले. दहा जणांची रांग २०० मिमीची होती, ती २५० ची झाली. ज्यांच्याकडे शेकडो सैनिक, त्यांनी काय सगळे उपटायचे? त्यावरही उपाय हाच. प्रत्येकाभोवती फट सुटेल असे खाचांचे तबक करायचं आणि जुने सैनिक त्यात उभे करायचे.

माझं मत स्पष्ट आहे. नियम येतात, जातात. त्यांच्यासाठी फौज मोडू नये. पण आठवण म्हणून ती कुलपातही घालू नये, तेही एक प्रकारचं मोडणंच. पाटाखाली पाट घालावा. आणि नवीन फौज करणाऱ्यांनो, कृपा करून फेविकॉल वापरा. तुमच्यानंतर कोणाला तरी ती सोडवायची असेल.

किल्ल्यावर नाही का, महाराज दरवाजापेक्षा उंच असतात आणि वाघ बुरुजाएवढा? तिथे कोणी फूटपट्टी घेऊन येत नाही.

असो. त्या दिवशी पानिपत पुन्हा झालं. निकाल विचारू नका. गारदी मात्र शेवटपर्यंत हलले नाहीत, आणि दोन लंगडे घोडेही लढले.