स्वस्त प्रवासाची किंमत कोण मोजतो?

दिवाळी तोंडावर आली की सोलापूर आणि पुणे या दोन शहरांतील अडीचशे किलोमीटरांचे अंतर गरिबाच्या दृष्टीने एकाएकी वाढते. रस्ता तोच असतो, गाड्याही त्याच असतात. वाढतो तो खाजगी बसच्या तिकिटाचा दर. पुण्याच्या कारखान्यांत, बांधकामांवर आणि दुकानांतून काम करणाऱ्या सोलापूरच्या तरुणाला सणासाठी घरी यायचे असते. ही त्याची गरज असते, हौस नव्हे. आणि नेमके हेच विक्रेत्याला ठाऊक असते. ज्या ग्राहकाला खरेदी पुढे ढकलता येत नाही त्याच्याकडून अधिक किंमत वसूल करता येते, हा अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकविला जाणारा सिद्धान्त ऐन सणात बसथांब्यावर कोणालाही पाहावयास मिळतो.

सोलापूरच्या दृष्टीने हा प्रश्न किरकोळ नाही. हे शहर चादरी, टॉवेल आणि विड्यांवर वाढले. ते जगते मात्र ये-जा करून. पद्मशाली समाजाचे नातेसंबंध तेलंगणात, लिंगायत कुटुंबांची सोयरीक विजापूर-कलबुर्गीकडे, शिकून मोठी झालेली मुले पुण्याला, आणि श्रद्धेचे रस्ते तुळजापूर, पंढरपूर, अक्कलकोट व गाणगापूरकडे. रेल्वे आहे, हुतात्मा एक्स्प्रेस आहे, २०२३ च्या फेब्रुवारीपासून वंदे भारतही आहे. परंतु मंगळवेढ्यासारख्या गावाला रेल्वे नाही, आणि अक्कलकोटचे स्थानक गावापासून चांगलेच दूर आहे. म्हणून हातमाग-यंत्रमागावरील कामगाराचा आणि विडी वळणाऱ्या बाईचा लांबचा प्रवास अखेर बसवरच येऊन ठेपतो.

दरांचा हिशेब

एस. टी. चे भाडे सहा किलोमीटरांच्या टप्प्यावर आकारले जाते. २०२५ च्या जानेवारीत झालेल्या १४.९५ टक्के भाडेवाढीने साध्या बसचा टप्पादर ८ रुपये ७० पैशांवरून १० रुपये ५ पैशांवर गेला. सोलापूर-पुणे अंतर अडीचशे किलोमीटर धरले, तर ढोबळमानाने ४२ टप्पे होतात. म्हणजे पूर्वी ३६५ रुपयांच्या आसपास पडणारा प्रवास ४२० च्या पुढे गेला. नवरा, बायको आणि दोन मुले असा संसार वर्षातून दोनदा गावी गेला तर हा फरक आठवड्याच्या बाजारहाटाइतका होतो.

आता खाजगी गाड्यांकडे वळू. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्य शासनाने २७ एप्रिल २०१८ रोजी असे ठरविले की, खाजगी कंत्राटी बसचे भाडे त्याच प्रकारच्या एस. टी. भाड्याच्या दीडपटीपेक्षा अधिक असू नये. नियम स्पष्ट आहे. परंतु गर्दीच्या दिवसांत ही मर्यादा नेमकी किती रुपये होते हे प्रवाशाला सांगणारा फलक कोणत्या थांब्यावर दिसतो? ज्याला मर्यादाच माहीत नाही तो तक्रार कशाची करणार? ग्राहकाच्या अज्ञानावर चालणारा नियम हा कागदावरचाच नियम होय.

एरवीच्या दिवसांत खाजगी गाडीचे तिकीट पुष्कळदा एस. टी. इतके किंवा तिच्याहूनही स्वस्त पडते, हे मान्य केले पाहिजे. गाडी स्वच्छ असते, झोपून जाता येते, आणि आरक्षण घरबसल्या होते. एस. टी. ची गाडी मोडकी, वेळ बेभरवशाची आणि स्थानकातील स्वच्छतागृह नाक मुरडायला लावणारे, ही तक्रार खोटी नाही. तेव्हा प्रवासी खाजगीकडे वळला तर त्याला दोष देता येणार नाही. मात्र आगाऊ आरक्षणाचा स्वस्त दर ज्याच्या हाती आधी पैसा असतो त्यालाच मिळतो. आठवड्याच्या हप्त्यावर जगणारा कामगार महिनाभर आधी तिकीट काढीत नाही. तो रजा मंजूर झाली की निघतो आणि त्या दिवशीचा सर्वांत चढा दर मोजतो. परिणामी एकाच गाडीत गरीब प्रवासी शेजारच्या सुस्थितीतील प्रवाशापेक्षा अधिक पैसे देऊन बसलेला असतो.

मलई आणि ताक

परंतु खरी मेख याहून खोल आहे. मोटार वाहन कायदा १९८८ ने बसवाहतुकीचे दोन प्रकार मानले. टप्पा वाहतुकीच्या गाडीने ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मार्गावर, वाटेत चढ-उतार करीत धावायचे. कंत्राटी गाडीने ठरलेल्या करारानुसार प्रवासी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न्यायचे, वाटेत सुटे प्रवासी घ्यायचे नाहीत. व्यवहारात ही रेषा पुसट झाली आहे. पुणे, मुंबई, हैदराबाद अशा भरगच्च मार्गांवर खाजगी गाड्या धावतात. मंगळवेढ्याच्या आतल्या वाडीला जायला मात्र त्यांना सवड नसते. तेथे एस. टी. जाते, आणि ती न आल्यास वडाप.

एस. टी. चे अर्थकारण मुळात एका साध्या तत्त्वावर उभे आहे: कमाईच्या मार्गाने तोट्याचा मार्ग पोसावा. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली, तेव्हापासून हेच चालत आले. रातराणीने पुण्याच्या मार्गावर मिळविलेला पैसा सकाळच्या शाळेच्या फेरीचे डिझेल भरतो. मलई दुसऱ्याने काढून नेली आणि ताक तेवढे महामंडळाच्या पदरी ठेवले, की तोटा होणारच. मग त्याच तोट्याकडे बोट दाखवून फेऱ्या कमी केल्या जातात. २०२५ च्या श्वेतपत्रिकेत संचित तोटा १० हजार कोटी रुपयांच्या पुढे गेल्याचे सांगितले गेले. गैरव्यवस्थापन, जुन्या गाड्या आणि कोविडचा काळ ही त्याची कारणे आहेतच. पण त्यातील काही भाग हा समाजाने महामंडळावर टाकलेल्या जबाबदारीचा आहे, याचा वेगळा हिशेब कोणी मांडीत नाही.

२०२१ च्या अखेरीस सुरू होऊन एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या संपाने हेच दाखवून दिले. मोठ्या शहरांचे मार्ग खाजगी गाड्यांनी भरून काढले, जादा दर घेऊन का होईना. गावांकडच्या फेऱ्या मात्र कोणीच भरून काढल्या नाहीत. कोठे बाजारपेठ पुरेशी ठरते आणि कोठे ती तोंड फिरवते, याचा एवढा स्पष्ट पुरावा अभ्यासकाला क्वचितच मिळतो.

सवलत ही भीक नव्हे

७५ वर्षांवरील नागरिकांना २०२२ पासून मोफत आणि महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्म्या भाड्यात प्रवास मिळू लागला. यावर ‘फुकटेगिरी’ म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. पण माहेरी किंवा दवाखान्यात जाण्यासाठी घरच्यांपुढे हात न पसरावा लागणे याचे मोल तिकिटाच्या किमतीत मोजता येत नाही. शिवाय सोलापूरच्या स्थानकावर तीन राज्यांच्या गाड्या येतात, त्यामुळे या धोरणातील विसंगतीही येथेच उघडी पडते. कर्नाटकाने जून २०२३ पासून आणि तेलंगणाने त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून आपापल्या राज्यातील स्त्रियांना मोफत प्रवास दिला. मात्र लग्नकार्यासाठी हैदराबादकडे निघालेल्या सोलापूरच्या विडी कामगार स्त्रीची सवलत उमरग्याच्या पुढे, सीमेवर संपते. नाती सीमा ओलांडतात; सवलती ओलांडीत नाहीत.

पैसा आणावा कोठून, हा प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर देताना एक तुलना टाळता येत नाही. २०२५ साली सोलापुरातून विमानसेवा सुरू झाली, आणि मुंबईच्या हवाई मार्गासाठी तूट भरून देण्याची तयारी राज्य शासनाने दाखविली. शहराच्या उद्योगाला विमान हवे, याबद्दल वाद नाही. पण विमानातील रिकाम्या खुर्चीची भरपाई जर ‘विकास’ ठरते, तर वाडीच्या बसमधील रिकाम्या बाकाची भरपाई ‘तोटा’ का ठरावी?

उपाय अवघड नाहीत. प्रत्येक खाजगी थांब्यावर आणि आरक्षणाच्या पडद्यावर त्या मार्गाचे एस. टी. भाडे व कायदेशीर कमाल भाडे ठळकपणे लिहिणे सक्तीचे करावे. सवलतींची प्रतिपूर्ती शासनाने महिन्याच्या महिन्याला करावी, आणि तोट्याच्या ग्रामीण फेऱ्यांचा खर्च स्वतंत्र शीर्षाखाली अंदाजपत्रकात दाखवावा. भाड्यावर आकारल्या जाणाऱ्या १७.५ टक्के प्रवासी कराचा फेरविचार व्हावा. गरिबाच्या तिकिटावर एका हाताने कर घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने महामंडळाला मदत द्यायची, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? सणाच्या दिवसांत पुणे-सोलापूर मार्गावर जादा गाड्या सोडाव्यात, पण जादा भाडे घेऊ नये. २०२५ च्या दिवाळीसाठी जाहीर केलेली १० टक्के हंगामी वाढ पूरस्थितीमुळे मागे घ्यावी लागली. जे पुरामुळे अन्याय्य वाटले ते कोरड्या वर्षी न्याय्य कसे ठरेल?

महामंडळानेही आपले घर आवरले पाहिजे. वेळेवर सुटणारी, न गळणारी, स्वच्छ गाडी ही चैन नव्हे. ‘आवडेल तेथे प्रवास’ सारखी, चार किंवा सात दिवस एका पासावर महाराष्ट्र दाखविणारी १९८८ पासूनची योजना किती प्रवाशांना माहीत आहे? जी वस्तू चांगली आहे तिची जाहिरात न करणे हाही एक प्रकारचा अपव्ययच.

स्वस्त प्रवासाची किंमत कोणी ना कोणी मोजतोच. आज ती दिवाळीत चढ्या दराने तिकीट घेणारा कामगार मोजतो, आणि फेरी रद्द झाल्यामुळे शाळा सोडणारी वाडीवरची मुलगी मोजते. ती सर्वांनी मिळून, उघड हिशेबाने मोजावी, एवढीच ही मागणी आहे.