नापास झालेली जॅकेटं ही चांगली बातमी होती

मंडळी, सध्या मोबाईलवर एका प्रकारचे व्हिडिओ फार फिरतायत. अमेरिकेतला कुणीतरी गडी मोकळ्या रानात टेबल मांडतो आणि एकेक वस्तू ठेवून तिच्यावर गोळी झाडतो. लोखंडी तवा, जाडजूड पुस्तकं, गाडीचं दार, हेल्मेट आणि शेवटी बुलेटप्रूफ जॅकेट. काय टिकतं, काय फुटतं ते बघायचं. आपली पोरं हे रात्र रात्र बघतात आणि सकाळी चहाच्या गाड्यावर वाद घालतात.

करमणूक म्हणून बघा, काही हरकत नाही. पण त्यातला शेवटचा प्रश्न आपल्याकडे कुणी विचारतं का? आपल्या पोलिसांच्या अंगावरचं जॅकेट गोळी अडवतं का, हे कोण तपासतं, कधी तपासतं आणि नापास झालं तर पुढं काय होतं?

आधी सिनेमाने डोक्यात घातलेली एक गोष्ट काढून टाकू. हिरो गाडीच्या दाराआड लपतो आणि वाचतो. प्रत्यक्षात एके-४७ ची गोळी गाडीच्या दारातून आरपार जाते. लाकडी दार, कपाट, गादी यांचीही तीच गत. गाडीत त्यातल्या त्यात आडोसा मिळतो तो इंजिनाचा. आपली सोलापुरी चादर कितीही जाड असली आणि दहा घड्या घातल्या तरी सुती धागा ही गोळी धरू शकत नाही. वाळूची पोती मात्र धरतात, म्हणून जगभरचे मोर्चे आजही पोत्यांनीच बांधले जातात.

याचं कारण वेगात आहे. पिस्तुलाची ९ एमएमची गोळी आणि एके-४७ ची गोळी, दोन्हींचं वजन साधारण ८ ग्रॅम. पण पिस्तुलाची गोळी सेकंदाला ३५०-४०० मीटर जाते, एके-४७ ची सातशेच्या वर. वेग दुप्पट झाला की मार चौपट होतो. म्हणून पिस्तुलाच्या गोळीला केवलारसारख्या धाग्याचे अनेक थर पुरतात. रायफलीसाठी त्या थरांपुढे सिरॅमिकची किंवा तशीच कडक प्लेट लागते. प्लेट गोळीचं टोक मोडते, मागचे थर उरलेला जोर झेलतात. ‘बुलेटप्रूफ’ हा शब्दच त्यामुळे अर्धवट आहे. कोणत्या गोळीला प्रूफ, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

तपासणी कशी होते? जॅकेट एका खास मातीच्या ठोकळ्यावर बांधतात आणि ठरलेल्या अंतरावरून, ठरलेल्या वेगाने गोळी झाडतात. गोळी आरपार गेली की नापास. अडली तरी काम संपत नाही. मागच्या मातीत खड्डा किती खोल पडला ते मोजतात, कारण तो खड्डा म्हणजे माणसाची बरगडी आणि फुप्फुस. अमेरिकेच्या मानकात ही मर्यादा ४४ मिलिमीटर आहे. काही नमुने पाण्यात भिजवूनही तपासतात. आपल्या देशाचं स्वतःचं मानक, भारतीय मानक ब्युरोचं आयएस १७०५१, आलं २०१८ साली. म्हणजे २६/११ नंतर तब्बल दहा वर्षांनी.

२६/११ सोलापूरकरांना वेगळी सांगायला नको. त्या रात्री कामा हॉस्पिटलजवळ शहीद झालेले अशोक कामटे मुंबईला जाण्याआधी आपल्याच शहराचे पोलीस आयुक्त होते. हेमंत करकरे, विजय साळसकर आणि कामटे एकाच गाडीत होते. तिकडे गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबची एके-४७ हातांनी धरून ठेवली. त्यांच्याकडे होती फक्त काठी.

करकरेंच्या जॅकेटवरून नंतर गदारोळ झाला. सरकारने सांगितलं, गोळ्या जॅकेटने न झाकलेल्या भागात, खांदा-मानेच्या बाजूला लागल्या. असेलही तसं. पण ते जॅकेट तपासायला हवं होतं ना? तर २००९ मध्ये कळलं की जॅकेटच सापडत नाही. पुढं माहिती आली की हॉस्पिटलच्या कचऱ्यात गेलं. कविता करकरे उत्तर मागत राहिल्या. राज्याच्या एटीएस प्रमुखाच्या अंगावरचं जॅकेट हा सगळ्यात मोठा पुरावा होता. खरेदी कशी होती, आकार बरोबर होता का, मान उघडी का राहते, हे सगळं त्यातून कळलं असतं. तो धडाच आपण कचऱ्यात टाकला.

आता दुसरी बातमी घ्या. नोव्हेंबर २०१७. महाराष्ट्र पोलिसांकडे आलेल्या ४,६०० जॅकेटांपैकी १,४३० परत पाठवली, कारण चाचणीत एके-४७ ची गोळी आरपार गेली. तेव्हा सगळीकडे एकच सूर, ‘बघा, पोलिसांच्या जिवाशी खेळ’. मला मात्र ती त्या वर्षातली चांगली बातमी वाटते. गोळी जॅकेटातून गेली, पण आत माती होती, माणूस नव्हता. कुणीतरी खरोखर तपासलं आणि नापासला नापास म्हटलं. आपल्याकडे रस्ता, पूल, शाळेची इमारत यांच्या बाबतीत हे किती वेळा होतं, तुम्हीच सांगा.

एक अडचण समजून घ्या. ज्या जॅकेटवर गोळी झाडली ते वापरातून गेलं. म्हणून प्रत्येक खेपेतले थोडे नमुनेच तपासता येतात. अशा वेळी नमुना कोण निवडतो यावर सगळं ठरतं. कंपनीच्या माणसाने निवडला तर चाचणी म्हणजे नुसतं नाटक. आणि खरेदीच्या वेळी पास झालेलं जॅकेट कायम पास राहत नाही. धागा ऊन, ओल, घाम यांनी कमजोर होतो. सिरॅमिकची प्लेट पडली-आपटली की आत तडा जातो आणि वरून काही दिसत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो. गाडीच्या डिकीत, पत्र्याच्या खोलीत पडलेलं जॅकेट पाच वर्षांनी काय लायकीचं उरतं, हे बघायलाच हवं.

कुणी म्हणेल, ही सुरक्षेची बाब आहे, जाहीर करता येत नाही. किती जॅकेटं आहेत, कुठं आहेत, हे नका सांगू. माहिती अधिकाराच्या कलम ८ मध्ये तशी सूट आहे आणि ती योग्यच आहे. पण जुन्या साठ्याची फेरतपासणी शेवटची कोणत्या वर्षी झाली, मुदत संपलेला माल बाद केला का, नमुने बाहेरच्या यंत्रणेने निवडले का, एवढं सांगितल्याने कोणत्या अतिरेक्याचा फायदा होणार आहे? गुपिताच्या नावाखाली झाकला जातो तो बहुतेक वेळा निष्काळजीपणा.

आपल्या आमदार-खासदारांनी अधिवेशनात एवढे तीन प्रश्न विचारावेत. कामटेसाहेबांच्या स्मृतिदिनाला हार घालायला सगळे येतात, फोटोही येतात. त्याच दिवशी जिल्ह्यातल्या जॅकेटांच्या तपासणीचा एक ओळीचा अहवाल जाहीर करायची पद्धत पडली तर ती खरी श्रद्धांजली.

आणि आपणही थोडं स्वतःकडे बघू. रस्त्याच्या कडेला दीड-दोनशे रुपयांत मिळणारं, आयएसआय नसलेलं हेल्मेट आपणच घेतो. १ जून २०२१ पासून त्याच्या विक्रीला बंदी आहे, तरी घेतो, कारण ते डोक्यासाठी नसतं, दंड चुकवायला असतं. सरकारी खरेदीतही नेमकी हीच वृत्ती शिरते. वस्तू दिसली, कागद पूर्ण झाला, काम संपलं.

गड्ड्याच्या गर्दीत, आषाढीला पंढरपूरच्या बंदोबस्तात उभा असलेला शिपाई आपल्याच गल्लीतला असतो. त्याला मिळणारं जॅकेट आधी मातीवर नापास झालेलं परवडेल. त्याच्या अंगावर नको.

तुमचं मत कमेंटमध्ये लिहा. पोलीस खात्यातल्या मित्रांनी नाव न देता मेसेज केला तरी चालेल.