दादा, आधी माती बघ!

"तू ईएनटीसीला ना? मग सांग, यातला कुठला घेऊ?"

मेलबर्नच्या माझ्या मावसभावाचा हा प्रश्न ऐन सबमिशनच्या आठवड्यात आला. सोबत तीन मेटल डिटेक्टरची माहितीपत्रकं आणि एक बातमी. बातमी खरी आहे. 2023 साली व्हिक्टोरिया राज्यात एका हौशी माणसाला 4.6 किलोचा दगड सापडला आणि त्यात 2.6 किलो सोनं निघालं. किंमत 2 लाख 40 हजार ऑस्ट्रेलियन डॉलर. हातात काय होतं, तर बाराशे डॉलरचा डिटेक्टर! दादाचं गणित सरळ होतं. बाराशेच्या मशीनला एवढं सापडतं, तर सहापट किमतीच्या मशीनला किती सापडेल?

मंडळी, हे त्रैराशिक इथे चालत नाही. डिटेक्टरची कॉइल जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते, त्याने धातूत भोवरा प्रवाह तयार होतात आणि त्यांचं क्षेत्र कॉइलला परत जाणवतं. कॉइलच्या आकाराच्या मानाने थोडं लांब गेलं की जाताना क्षेत्र अंतराच्या घनाने घटतं, येतानाही घनाने. म्हणजे एकूण सहावा घात. खोली दुप्पट केली की सिग्नल 64 पट क्षीण! म्हणून पाकिटावर 'डीप' असं कितीही मोठ्या अक्षरात छापलेलं असलं, तरी जास्तीच्या पैशाने फूटच्या फूट खोली मिळत नाही.

मग जास्तीचे पैसे कशाचे? मातीचे. व्हिक्टोरियातल्या सोन्याच्या पट्ट्यात, बॅलरॅट, बेंडिगो, मेरीबरोच्या बाजूला, लोहखनिज मिसळलेली तांबडी माती पुष्कळ ठिकाणी आहे. सोन्याच्या कणाच्या आधी ही मातीच बोंबलते. त्यावर उपाय दोन प्रकारचे. व्हीएलएफ जातीचं मशीन अखंड साइन वेव्ह सोडतं आणि परत आलेल्या सिग्नलच्या फेजवरून लोखंड की दुसरं काही, हे ओळखायचा प्रयत्न करतं. पल्स इंडक्शनचं मशीन झटका देतं, थांबतं आणि काही मायक्रोसेकंदांनी ऐकतं. तोवर मातीचा बराचसा आवाज विरलेला असतो, म्हणून तांबड्या जमिनीत तेच सरस. पण त्याला लोखंड नीट ओळखता येत नाही. खिळा असो, काडतुसाचा छर्रा असो, सगळं खणायचं. आणि अगदी बारीक कणातला प्रवाह ऐकायच्या आधीच विझू शकतो. नव्या महागड्या मशीनांनी ही थांबण्याची वेळ बरीच कमी केली आहे, किंमत त्याचीच आहे.

माझं मत असं: पहिलं मशीन व्हीएलएफच घ्यावं, पण सोन्यासाठी बनवलेलं. बारीक कणाला वरची फ्रिक्वेन्सी लागते. मिनलॅबचं गोल्ड मॉन्स्टर 1000 हे 45 किलोहर्ट्झवर चालतं, फिशरचं गोल्ड बग 2 हे 71 वर. नाण्यांसाठीच्या साध्या मशीनला तांदळाएवढा कण ऐकूच येत नाही. कॉइल छोटी असावी, आणि ग्राउंड बॅलन्स मशीन स्वतः करत असेल तर नवख्याला बरं. सेकंड हँड मिळालं तरी हरकत नाही. तांबड्या मातीत ते ओरडेल, हे मान्य. तिथे जायचंच असेल तर पल्स इंडक्शनचं मशीन त्या भागात भाड्याने मिळतं. दोन दिवस वापरावं, मग आठ-नऊ हजार डॉलरचा विचार करावा. नवीन नोकरीतली बचत आहे ती, लॉटरीचं तिकीट नव्हे.

एक धोका मात्र माहितीपत्रकात कुणी छापत नाही. स्क्रीनवर 'लोखंड' आलं म्हणून पुढे जाऊ नये. लोहदगडात अडकलेलं सोनं लोखंडासारखंच बोलतं. आणि छोटा कण बोलतो चांदीच्या कागदासारखा. तेव्हा सुरुवातीला प्रत्येक आवाज खणायचा. कंटाळा येतो, पण कान असाच तयार होतो.

दादाने एक प्रयोगही करून पाहिला होता. दुकानात वहिनीची अंगठी कॉइलपुढे धरली आणि मशीन कसं किंचाळलं, ते फोनवर ऐकवलं. अहो, अंगठी म्हणजे बंद लूप! प्रवाहाला आयता रस्ता. तेवढ्याच वजनाचा ओबडधोबड कण त्याच्या जवळपासही ऐकू येत नाही. त्यापेक्षा गळाला लावायचा शिशाचा मणी चार इंच पुरावा आणि त्या जागेवर मशीन फिरवून बघावं. शिसं बरंचसं सोन्यासारखं ऐकू येतं.

आता जागेचं. 1869 मध्ये मोलियागुलजवळ 'वेलकम स्ट्रेंजर' हा सुमारे 72 किलो सोन्याचा गोळा मिळाला, तो जमिनीखाली जेमतेम इंचभर होता. 1980 मध्ये किंगोवरला 27 किलोचा 'हँड ऑफ फेथ' डिटेक्टरने सापडला, तोही फूटभरावर. आपल्याकडचा झारेकरी बघा. तो भारीतलं घमेलं शोधत नाही, सराफकट्ट्यातलं नेमकं गटार शोधतो. व्हिक्टोरिया सरकारचे भूगर्भ नकाशे फुकट बघायला मिळतात. जुन्या खाणकामाच्या खुणा त्यावर असतात. दादाने ते उघडलेही नव्हते! शिवाय 'मायनर्स राइट' हा परवाना काढावा लागतो. तो 10 वर्षं चालतो. खाजगी जमिनीत मालकाची परवानगी लागते, बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत बंदी आहे, आणि खणलेला खड्डा बुजवावा लागतो.

हे सगळं मी त्याला लिहून पाठवलं. उत्तर आलं, "बरं, पण मग पंधराशेवालं घेऊ की नको?" घे म्हटलं. आणि हेडफोन घे. बारीक सोन्याचा आवाज झाडातल्या वाऱ्यापेक्षाही हळू असतो.