माडीवरचा साग

खुलताबादेत लाकडी फ्लोअरिंगचा विषय काढला की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "मग धुणार कशी?" प्रश्न अगदी रास्त आहे. आपली सगळी घरसफाई पाण्यावर चालते. दिवाळीच्या आधी पलंग-कपाटं सरकवायची, बादल्या ओतायच्या, खराट्यानं खसाखसा घासायचं आणि पाणी उंबऱ्याबाहेर लोटून द्यायचं. शहाबादी हे सगळं मुकाट सोसते. लाकडाला घट्ट पिळलेलं फडकं पुरतं, आणि सांडलेलं पाणी लगेच टिपावं लागतं. ज्या घरात माठ आणि नातवंडं एकाच खोलीत नांदतात, तिथं याचा अर्थ काय ते वेगळं सांगायला नको.

तरी आमच्या माडीवरच्या नव्या खोलीला लाकूडच घालायचं ठरलं. सूनबाईंचा आग्रह, आणि खरं सांगायचं तर माझीही हौस. संभाजीनगरच्या दुकानात नमुने हातात आले. लाकडाचा तुकडा निवडायचा तर वरून पाहू नये, कडेनं पाहावा. लॅमिनेटच्या कडेला दाबलेला भुसा दिसतो. वरचं लाकूड म्हणजे छापील कागद आणि त्यावर कडक पारदर्शक थर. घासून पुन्हा नवं करणं त्याच्या नशिबी नाही. इंजिनिअर्ड म्हणतात त्यात उभ्या-आडव्या प्लायवर खऱ्या लाकडाचा दोन-चार मिलिमीटरचा पापुद्रा असतो. ते हवेनं कमी हलतं, पण जेवढा पापुद्रा तेवढंच आयुष्य. पाऊण इंची भरीव सागाच्या कडेला मात्र वरपासून खालपर्यंत एकच रेषा जाते. दर दहा-बारा वर्षांनी वरचा थर घासून काढा, पॉलिश करा, नातवापर्यंत जातं.

चौथा नमुना मोरबीच्या टाइलचा होता. लाकडाच्या रेषा, गाठी, सगळं हुबेहूब. मुलानं नाक मुरडलं: "नकली आहे." मी त्याला म्हटलं, घाट उतरून वेरूळला जा आणि दहा नंबरचं लेणं बघ. विश्वकर्मा लेणं, ज्याला लोक 'सुतार का झोपडा' म्हणतात. तिथं पाथरवटांनी छताला दगडात फासळ्या कोरल्या आहेत, लाकडी कमानीच्या असाव्यात तशा. कातळाला त्या फासळ्यांची काहीच गरज नव्हती. डोळ्यांना लाकडी छताची सवय होती एवढंच. तेराशे वर्षांपूर्वी जे चाललं ते आजच्या टाइलला चालू नये, असं काही नाही. खालच्या मजल्यावर ती टाइल मी बिनदिक्कत घालीन. तिथं खरं लाकूड घालायची माझी तयारीच नाही.

कारण लाकूड वरती टिकतं. कार्ल्याच्या चैत्यात छताला खऱ्या सागाच्या कमानी आहेत, आणि दोन हजार वर्षांनंतरही जागेवर आहेत. आपल्या जुन्या माळवदांतही तेच. खाली शेणानं सारवलेली जमीन किंवा फरशी, आणि साग सगळा डोक्यावर: तुळया, कड्या, किलचन, वर पांढऱ्या मातीचा थर. वाड्यांत लाकडी तक्तपोशी असायची तीही माडीवर. जमिनीतून ओल चढते आणि ओलीच्या मागोमाग वाळवी, हे त्या लोकांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

आमच्या सुतारकामाचे चाचा (सगळं गाव त्यांना चाचाच म्हणतं) श्रावणात मोजमाप घ्यायला आले. पहिल्यांदा त्यांनी माडीच्या स्लॅबवर प्लॅस्टिकचा एक तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं चिकटवला. दुसऱ्या दिवशी उचलला तर खालून घामाचे थेंब. "कोबा अजून ओला आहे सर. आणि आत्ता ठोकली तर वैशाखात रुपया जाईल एवढी फट पडंल. दसरा होऊ द्या."

त्यांचा हिशेब बरोबर आहे. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारी हवेतली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते, श्रावणात ऐंशीच्या पुढे जाते. लाकूड या हवेबरोबर ओल घेतं आणि सोडतं. लांबीला ते जवळपास हलत नाही, रुंदीला हलतं. चार इंची फळी एखाद-दीड मिलिमीटर फुगली-आकसली, तर बारा फुटी खोलीत अशा छत्तीस फळ्या बसतात. गुणाकार ज्याचा त्यानं करावा. भर पावसात बसवली तर उन्हाळ्यात फटी पडतात, भर उन्हाळ्यात बसवली तर पावसाळ्यात मधोमध उचलते. म्हणून हंगाम मधला धरायचा, फळी अरुंद घ्यायची, आणि भिंतीलगत दहा-बारा मिलिमीटर जागा सोडून ती स्कर्टिंगखाली झाकायची. शिवाय फळ्या आठ-पंधरा दिवस त्याच खोलीत, खाली रिपा देऊन रचून ठेवायच्या. आमच्या ओळखीच्या एका घरी ठेकेदारानं ट्रकमधून उतरवल्या त्याच दिवशी ठोकल्या. तिथं आता चालताना जमीन कुरकुरते.

लाकूड कुठलं, यावर मात्र घरात वाद झाला नाही. महाराष्ट्रात साग म्हटलं की बल्लारशा. अयोध्येच्या राममंदिराला चंद्रपूरकडचा साग गेला. 2023 साली उघडलेल्या नव्या संसदभवनातला साग नागपूरचा आहे. तिथल्या फ्लोअरिंगला मात्र त्रिपुराचा बांबू घेतला, म्हणजे शास्त्रानं पाहिलं तर गवतच. वखारीत भाव घनफुटावर चालतो. एका घनफुटातून पाऊण इंची फळ्या काढल्या तर कागदावर सोळा चौरस फूट होतात. करवतीचा भुसा, रंधा आणि खाच-जीभ काढून हातात बाराच्या आतच येतात. हा हिशेब आधी केला नाही तर खोली अर्धी उरते.

वखारीतल्या भावाचा आकडा ऐकून मला गोठ्यातल्या तुळया आठवल्या. स्लॅब टाकताना जुनं माळवद उतरवलं, तेव्हापासून त्या तिथं पडून होत्या, वर कडब्याच्या पेंढ्या. चाचांनी पटाशीनं एका तुळईचा काळा थर खरवडला. आतून मधाळ रंग निघाला, आणि सागाचा तो तेलकट वास. मग त्यांनी तुळईची टोकं ठोकून पाहिली. भिंतीत गाडलेला तेवढा हात-दीड हात भाग वाळवीनं पोखरलेला, बोटानं चुरा व्हावा असा. मधला सगळा भाग शाबूत. टोकं कापून टाकली. खिळे शोधायला चाचांनी स्पीकरमधलं जुनं लोहचुंबक दोरीला बांधून तुळयांवरून फिरवलं. एक खिळा राहिला तरी आरागिरणीवाला पात्याचे पैसे मागतो.

चिराई झाल्यावर मोजलं तर एका भिंतीकडची दोन फुटांची पट्टी कमी पडते आहे. तेवढा बल्लारशाचा नवा साग घ्यावा लागेल, आणि तो जुन्याशेजारी फिकट दिसणार. मुलगा म्हणतो रंग देऊन जुळवू. मी रंगाच्या विरुद्ध आहे. चाचा म्हणतात, उजेडानं दोन-तीन वर्षांत आपोआप जुळेल. सूनबाईंनी पलंग नेमका त्याच पट्टीवर ठेवायचं ठरवलं आहे, म्हणजे फिकटपणा दिसणार नाही. पलंगाखाली उजेड कुठून जाणार, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.