चीक आणि कुरडई

'चिक लिट' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे कुरडया आल्या. यात माझा काही दोष नाही. ज्याच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या गच्चीवर वाळवण राखण्यात आणि कावळे हाकलण्यात गेल्या, त्याला चीक म्हटलं की गव्हाचाच चीक आठवणार. तीन दिवस भिजवलेले गहू, ते वाटून, गाळून खाली बसलेलं ते पांढरं सत्त्व, आणि मग सकाळी मोठ्या पातेल्यात रटरटणारा, चमच्याला न सोडणारा गरम चीक. त्यामुळे इंग्रजीत 'चीक साहित्य' नावाचा प्रकार निघालाय हे कळल्यावर मला वाटलं, चला, साहेबालाही अखेर पौष्टिक काही सुचलं म्हणायचं.

पण हा चिक निराळा निघाला. चिक म्हणजे कोंबडीचं पिल्लू, आणि तिकडच्या टवाळ बोलीत तरुण पोरगी. लिट म्हणजे लिटरेचर, पण शेपूट छाटलेलं. थोडक्यात काय, तर पोरीबाळींचं साहित्य, आणि तेही पुरतं साहित्य नव्हे.

माझं भांडण इथपासूनच सुरू होतं. गंमत अशी की, हे नाव आधी थट्टेनंच घेतलं गेलं होतं. अमेरिकेत १९९५ साली क्रिस मॅझा आणि जेफ्री डीशेल यांनी नव्या, प्रयोगशील लेखिकांच्या कथांचा एक संग्रह संपादित केला आणि त्याला मुद्दाम तिरकसपणे हे नाव दिलं. तो तिरकसपणा वर्षभरात गळून पडला आणि नाव तेवढं उरलं. मग ज्या कादंबरीत तिशीच्या आसपासची, शहरात भाड्याच्या घरात राहणारी, नोकरी करणारी नायिका सापडेल, तिच्यावर हा शिक्का. आमच्याकडे 'खाते बंद' हा शिक्का मारताना सुद्धा माणूस एकदा खातं उघडून बघतो. या शिक्क्याला तीही अट नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, पुरुषांच्या पुस्तकांनाही नावं ठेवतातच की. कुठे ठेवतात? बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर महाराष्ट्रातल्या पुरुषांच्या पिढ्या पोसल्या. त्यांना कुणी 'कोंबडा वाङ्मय' म्हटलं नाही. जेम्स हॅडली चेसची पुस्तकं मी स्वतः फुटपाथवरून आणली आहेत. त्यांची मुखपृष्ठं अशी, की वर्तमानपत्राचं कव्हर घालूनच ती घरात न्यावी लागत. तरी ते 'थ्रिलर'! निक हॉर्नबीनं १९९५ साली 'हाय फिडेलिटी' लिहिली. पस्तिशीतला, रेकॉर्डचं दुकान चालवणारा, मैत्रीण सोडून गेलेला, आयुष्याचं काय करावं ते न कळलेला नायक. त्यालाही काहींनी 'लॅड लिट' म्हणून पाहिलं, पण ते नाव टिकलं नाही. चिक मात्र चिकटलं. चिकाचा तो गुणच आहे.

या सगळ्या प्रकरणात माझी उडी पडली ती आमच्या सौभाग्यवतींमुळे. एका रविवारी तिच्या हातात एक गुलाबी पुस्तक दिसलं. मुखपृष्ठावर उंच टाचांचा बूट आणि खरेदीच्या पिशव्या. नवऱ्यांनी अशा वेळी जे बोलायचं असतं ते मी बोललो. म्हणजे, "यापेक्षा काहीतरी वाचावंस." ती शांतपणे पान उलटत म्हणाली, "अहो, यात तुमची पत्रं आहेत."

लग्नाआधीची पत्रं छापली गेली की काय, म्हणून माझ्या पोटात गोळा आला. पण पत्रं बँकेची होती. सोफी किन्सेलाच्या शॉपोहोलिक मालिकेतली ती पहिली कादंबरी, सन २०००. नायिका बेकी ब्लूमवूड बचतीवरच्या एका मासिकात लोकांना पैसे कसे राखावेत ते शिकवते आणि स्वतः ओव्हरड्राफ्टमध्ये गळ्यापर्यंत बुडालेली असते. कादंबरीत मधूनमधून तिच्या बँकेतल्या डेरेक स्मीथ नावाच्या अधिकाऱ्याची पत्रं येतात. आपण कृपया येऊन भेटावे. आपल्या प्रकृतीबद्दल वाचून वाईट वाटले. तथापि, आपल्या खात्याची स्थिती... ते 'तथापि' वाचताना मला भरून आलं. वीस वर्षं मी ज्या भाषेत मजकूर पाडतोय, ती भाषा पहिल्यांदाच कुणीतरी वाङ्मयात आणली होती! आमच्या थोर मराठी कादंबऱ्यांतून माणसं प्रेमभंगानं झुरतात, क्रांती करतात, एकटेपणानं भिंतीकडे बघत बसतात. पण महिन्याच्या वीस तारखेला त्यांच्या खात्यात किती शिल्लक असते, हे एकही लेखक सांगत नाही.

मग मी हट्टानं बाकीची पुस्तकं मिळवली. हेलन फील्डिंगची ब्रिजेट जोन्स १९९५ साली लंडनच्या 'इंडिपेंडंट' या दैनिकातल्या सदरात जन्मली आणि १९९६ साली पुस्तकात आली. तिची रोजनिशी पाहून मी, एक कॉमर्सचा पदवीधर, थक्क झालो. प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर आजचं वजन, आज पोटात गेलेली दारू, सिगारेटी किती, कॅलऱ्या किती. अहो, ही तर कीर्द! आणि वर्षअखेरीस सगळ्याची बेरीज: वाढलेलं वजन किती, उतरलेलं किती. आमची तेरीज एकतीस मार्चला, तिची एकतीस डिसेंबरला, एवढाच फरक. जगानं बाईला रोज मोजायला शिकवलं, तर ती बिचारी मोजतेय आणि मोजता मोजता हसतेय, यात उथळ काय आहे, ते मला कुणीतरी समजावून सांगावं.

त्याच ब्रिजेटला नववर्षाच्या मेजवानीत आईच्या ओळखीचे लोक घेरतात आणि 'काय मग, कुठे जमलं का?' अशा अर्थाचं विचारतात. वाचताना मी खुर्चीत सावरून बसलो. हे तर आपलं 'लाडू कधी?' लंडनमध्येही हाच खेळ चालतो, फक्त कांदेपोह्यांच्या जागी टर्कीची आमटी.

अर्थात विद्वानांना हे पटलं नाही. २००१ साली बेरिल बेनब्रिज या मान्यवर लेखिकेनं बीबीसीच्या रेडिओवर या साऱ्याला 'फेस' म्हणून निकालात काढलं. डोरिस लेसिंगबाईंनीही री ओढली: या मुली आपलं खरं आयुष्य का लिहीत नाहीत, सारख्या वजनाची काळजी करणाऱ्या, प्यायलेल्या पोरीच का? लेसिंगबाईंना पुढे २००७ साली नोबेल मिळालं. त्यांच्यापुढे मी पडलो बँकेतला कारकून, पण दूध कसं उतू जातं ते मी घरी रोज बघतो. आधी फेसच वर येतो, आणि तो खाली आच असते म्हणून येतो.

मेरियन कीजचं घ्या. कायद्याची पदवी घेऊन ही आयरिश बाई लंडनमध्ये एका कचेरीत हिशेब लिहीत होती, म्हणजे आमच्याच बिरादरीतली. १९९५ साली आलेल्या तिच्या 'वॉटरमेलन'मध्ये पहिलं मूल जन्मतं त्याच दिवशी नवरा बायकोला सोडून जातो. १९९७ च्या 'रेचेल्स हॉलिडे'त नायिका व्यसनमुक्ती केंद्रात आहे आणि आपल्याला काही झालेलंच नाही असं बराच काळ म्हणत राहते. कीज स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर आलेली. पुस्तक वाचताना हसून पोट दुखतं, हे खरं. पण हसू आलं म्हणून दुःख खोटं ठरत नाही. आपल्याकडे तर सुतकाच्या घरीसुद्धा तेराव्याला कुणीतरी विनोद करतोच.

मी काही या पुस्तकांचा वकील नाही. दोष मलाही दिसतात. एक ब्रिजेट खपली म्हटल्यावर प्रकाशकांनी तिच्या झेरॉक्स काढल्या. सगळ्यांना तेच गुलाबी कपडे, तोच बूट, तोच दारूचा निमुळता पेला. त्या कपड्यांत चांगली आणि टाकाऊ पुस्तकं एकाच रांगेत उभी राहिली, आणि पुढे गुलाबी रंगाचा वीट आल्यावर दोघींना एकदमच हाकललं. नायिका बहुतेक गोऱ्या. टेरी मॅकमिलननं १९९२ सालीच 'वेटिंग टु एक्सहेल'मध्ये चार कृष्णवर्णी मैत्रिणींची अशीच गोष्ट सांगितली होती. पण या घराण्याची वंशावळ मांडताना तिचं नाव घ्यायला लोक हमखास विसरतात. शिवाय शेवटी एक देखणा, श्रीमंत पुरुष येतो आणि नायिकेचं कर्जही भराभर फिटतं. दोन पानांत फिटलेला ओव्हरड्राफ्ट मी माझ्या नोकरीत अजून पाहिलेला नाही.

पण हे दोष काय फक्त यांच्यातच आहेत? चेसच्या नायकाच्या पिस्तुलातल्या गोळ्या कधी संपतात का? त्याचा हिशेब कुणी मागत नाही. २०१० साली जोनाथन फ्रॅन्झेनच्या कादंबरीवर अमेरिकेतली वृत्तपत्रं स्तुतीचा वर्षाव करत होती, तेव्हा जेनिफर वाइनर आणि जोडी पिको या दोघींनी जाहीर प्रश्न केला: पुरुष कुटुंबाबद्दल लिहितो तेव्हा ते थोर साहित्य मानतात, मग बाईनं लिहिलं की तो किरकोळ बायकी विषय का होतो? या प्रश्नावर बरीच चिडचिड झाली. उत्तर म्हणावं असं काही माझ्या वाचनात आलं नाही.

आता एक गोष्ट, जी मला खरं तर सांगायची नव्हती.

बेकीच्या कादंबरीत तिच्या आईवडिलांचे शेजारी आहेत, एक साधंसुधं वयस्क जोडपं. गुंतवणूक कंपनीचं पत्र येतं: तुमचे पैसे या फंडातून त्या फंडात हलवा. ते बेकीला विचारतात, कारण ती 'पैशातली जाणकार'. बेकी आपल्याच नादात 'करा की' म्हणून मोकळी होते. नंतर कळतं, की जुन्या फंडात राहते तर त्यांना घसघशीत रक्कम मिळाली असती, आणि ती द्यावी लागू नये म्हणूनच कंपनीनं ते पत्र धाडलेलं.

मी तिथे पुस्तक मिटलं. काही वर्षांपूर्वीचा मार्च महिना. वरून विम्याचं टारगेट आलेलं. एक निवृत्त शिक्षिका मुदत ठेव मोडायला काउंटरवर आल्या. मी फॉर्म पुढे सरकवला. सही इथे, इथे आणि इथे. त्यांनी चष्मा पुसत विचारलं, "यात काही धोका नाही ना?" मी म्हटलं, "बाई, मी आहे ना." हप्ता एकदाच नाही, दरवर्षी भरायचा, हे मी सांगितलं होतं की नाही, ते मला आठवत नाही असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत आलो. मला आठवतं. मी सांगितलं नव्हतं. पुढच्या वर्षी त्या नोटीस घेऊन आल्या. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुम्ही होतात ना?" त्यांचे सगळे पैसे काही परत मिळाले नाहीत.

बेकी निदान पेटून उठते, लेख लिहिते, कंपनीला उघडं पाडते. मी पासबुक भरून दिलं. मोठमोठ्या गंभीर कादंबऱ्या मी वाचल्यात, माणसाच्या अपराधी मनावरच्या सुद्धा. पण माझ्या काउंटरच्या या बाजूला येऊन त्यांतल्या एकीनंही माझी कॉलर पकडली नाही. पकडली ती या गुलाबी पुस्तकानं. तेव्हा 'त्यात आहे काय?' असं कुणी विचारलं, की मला राग येतो तो पुस्तकाच्या बाजूनं नव्हे, माझ्याच बाजूनं येतो.

किन्सेलाचं खरं नाव मॅडलिन विकम. लेखिका होण्याआधी ती खरोखरच अर्थविषयक पत्रकार होती. म्हणजे ते 'तथापि' तिनं हवेतून आणलेलं नव्हतं. मेंदूच्या कर्करोगाबद्दल तिनं २०२४ साली जाहीरपणे सांगितलं, त्याच वर्षी त्या अनुभवावरची तिची एक छोटी कादंबरी आली, आणि २०२५ च्या डिसेंबरात ती गेली. हलकंफुलकं लिहिणाऱ्या माणसाला शेवटपर्यंत हलकंफुलकं राहायला किती बळ लागत असेल, याचा हिशेब माझ्या कॉमर्सच्या पदवीत बसत नाही.

आता पुन्हा कुरडयांकडे. ब्रिजेटची गोष्ट बेतली आहे जेन ऑस्टेनच्या १८१३ सालच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'वर. नायकाचं आडनावसुद्धा डार्सीच. ऑस्टेनबाईंचं पहिलं पुस्तक १८११ साली निघालं तेव्हा त्यावर त्यांचं नाव नव्हतं, 'एका बाईकडून' एवढंच होतं. लग्न कुणाशी, उत्पन्न वर्षाला किती, घर कुणाच्या नावावर, हेच त्यातले विषय. आज ती पुस्तकं एम. ए.ला लावतात. म्हणजे चीक तोच. दोनशे वर्षं उन्हात वाळवला की त्याची कुरडई होते, आणि मग ती पाहुण्यांच्या ताटात मिरवते.

परवा सौ.नं नवं पुस्तक आणलं. मुखपृष्ठ गुलाबीच होतं. मी म्हटलं, "तुझं झालं की दे." तिनं माझ्याकडे जरा संशयानं पाहिलं आणि विचारलं, "यात बँक नाहीये. चालेल?"

म्हटलं, चालेल. कुरडई होईपर्यंत थांबायला आपल्याला वेळ कुठे आहे? चीक गरम आहे तोवरच खावा.